मोसूलच्या मंडळीची दहा वर्षे (२००४–२०१४)

टायग्रिस नदीच्या काठी, प्राचीन निनवेच्या अवशेषांसमोर वसलेले मोसूल शहर योनाच्या पुस्तकामुळे आपल्या श्रोत्यांना ठाऊक आहे. तेथील मंडळी मात्र फारशी ठाऊक नाही. वस्तुतः तिच्याशी आपला संबंध जुना आहे. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस याने पश्चिम भारतातील ‘कल्लियाना’ येथे इराणात अभिषेक झालेला बिशप असल्याचे लिहून ठेविले आहे, आणि ते स्थळ म्हणजे आपले कल्याण होय, असे अनेक संशोधक मानतात. ज्या पूर्वेकडील मंडळीतून तो बिशप आला, तिच्याच परंपरेत मोसूलचा खाल्डियन ख्रिस्ती समाज येतो.

जुलै २०१४ मध्ये या समाजावर जे ओढवले, ते सर्वश्रुत आहे. १० जून रोजी शहर ताब्यात घेणाऱ्या ‘इस्लामिक स्टेट’ या सशस्त्र संघटनेने ख्रिस्ती जनांना निर्वाणीचा इशारा दिला: धर्मांतर करा, जिझिया भरा, शहर सोडा, अन्यथा तलवार. मुदत १९ जुलैच्या दुपारपर्यंत होती. ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर ‘नून’ हे अरबी अक्षर रंगविले गेले. ते ‘नसारा’ या शब्दाचे आद्याक्षर. केरळातील आपले बांधव ज्या ‘नस्राणी’ नावाने स्वतःस ओळखतात, त्याच कुळातील हा शब्द. शहराबाहेरच्या नाक्यांवर निर्वासितांचे पैसे व दागिनेही काढून घेण्यात आले. इराकच्या इतिहासात प्रथमच मोसूल ख्रिस्ती जनांवाचून राहिले, असे पेट्रियार्क लुई साको यांनी त्या वेळी सांगितले.

आपल्या प्रवचनांत ही कथा बहुधा येथूनच सुरू होते, आणि आमचा आक्षेप नेमका येथेच आहे. मोसूलची मंडळी एका दुपारी रिकामी झाली नाही. १ ऑगस्ट २००४ रोजी बगदाद व मोसूल येथील चर्चवर एकाच दिवशी बाँबहल्ले झाले, तेव्हापासून ती झिजत होती. आणि हल्लेखोरांनी कोणाला हेरले, हे पाहावे. ३ जून २००७ या रविवारी फादर रगीद गन्नी उपासना आटोपून बाहेर पडले असता त्यांना आणि त्यांच्या तीन सबडीकनांना पवित्र आत्म्याच्या चर्चजवळ गोळ्या घालण्यात आल्या. गन्नी रोममध्ये शिकलेले होते. तेथेच राहणे त्यांना अवघड नव्हते. २००३ साली ते स्वखुशीने परतले होते. २९ फेब्रुवारी २००८ रोजी क्रूसाच्या वाटेची भक्ती आटोपून निघालेले आर्चबिशप पौलोस फराज राहो यांचे अपहरण झाले. त्यांच्यासोबतचे तिघे जागीच ठार झाले आणि १३ मार्चला आर्चबिशपांचा मृतदेह सापडला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हत्यांची नवी लाट आली आणि हजारो ख्रिस्ती लोक शहर सोडून गेले. मेंढपाळ पडला की कळपास हुसकावे लागत नाही, हे मारेकऱ्यांना पक्के ठाऊक असावे.

याच काळात सशस्त्र टोळ्या ख्रिस्ती कुटुंबांकडून, आणि मंडळीकडूनही, संरक्षणाच्या नावाखाली खंडणी वसूल करीत असत. ती देण्याचे आर्चबिशप राहो यांनी पुढे थांबविले होते, असे वृत्त त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. हा तपशील आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. २०१४ मध्ये ‘जिझिया’ म्हणून जे मागितले गेले, ते पूर्वीपासून पिस्तुलाच्या धाकाने घेतले जातच होते. नव्याने मिळाले ते केवळ धर्मशास्त्रीय नाव. म्हणून या छळाचा उगम केवळ धर्मग्रंथांत शोधणे पुरेसे नाही. २००३ च्या आक्रमणानंतर कोसळलेली राज्यव्यवस्था, बेकार झालेले सैनिक आणि खंडणीवर पोसलेल्या टोळ्या यांचाही हिशेब मांडावा लागेल.

दुसरी गोष्ट अशी की, ही कथा ‘मुसलमान विरुद्ध ख्रिस्ती’ एवढ्याच रूपात सांगणे असत्य ठरेल. जून २०१४ मध्येच तिक्रीतजवळच्या स्पाइकर तळावरील सुमारे १७०० जणांची याच संघटनेने कत्तल केली. ते बहुतेक शिया मुसलमान तरुण होते. ३ ऑगस्टला सिंजारच्या यझिदींवर संहार आणि गुलामगिरी कोसळली. हैदराबादसारख्या शहरात ज्या धर्मशिक्षकाचे शेजारी मुसलमान आहेत, त्याने तर रक्तसाक्ष्यांची नावे घेताना या मृतांना विसरू नये.

६ ऑगस्टच्या रात्री निनवेच्या मैदानातील करकोश हे सुमारे ५०,००० वस्तीचे, बहुतांशी सिरियाक कॅथलिक नगर ओस पडले. लोक एरबिलकडे निघाले. त्यांच्यातच डॉमिनिकन फादर नजीब मिखाईल होते. मोसूलमधील जुनी हस्तलिखिते त्यांनी काही वर्षे आधीच करकोशला हलविली होती. आता ती वाहनांत घालून त्यांनी पुढे नेली. मार बहनाम मठाचा काही भाग मार्च २०१५ मध्ये सुरुंगाने उडविण्यात आला, हस्तलिखिते वाचली.

करकोश ऑक्टोबर २०१६ मध्ये व मोसूल जुलै २०१७ मध्ये मुक्त झाले. फादर नजीब २०१९ पासून मोसूलचे खाल्डियन आर्चबिशप आहेत. करकोशात बरीच कुटुंबे परतली आहेत; मोसूल शहरात परतलेल्यांची संख्या अगदी थोडी आहे.