राजा गेला, तिकीट आले

मागच्या हिवाळ्यात आमच्या वरूडला एक लहानशी गोष्ट घडली आणि तिने मला पुन्हा इतिहासाच्या पुस्तकांत डोके घालायला लावले. माझ्या वर्गातला सातवीचा एक मुलगा मामाबरोबर मोठ्या शहरात क्रिकेटचा सामना पाहून आला होता. घरी संत्र्याची बाग. आंबिया बहार बऱ्या भावात गेला होता, म्हणून बापाने हात जरा सैल सोडलेला. दुसऱ्या दिवशी मी विचारले, "काय रे, कसा झाला सामना?"

कोणी किती धावा काढल्या हे त्याने सांगितलेच नाही. म्हणाला, "गुर्जी, आमी पैसे देल्ले त आमाले मांगं बसवलं. अन् फुकटवाल्याइच्या खुर्च्या समोर होत्या. त्याबी अर्ध्या खालीच!"

वर्ग हसला. मीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. खेळ पाहण्याचे पैसे घ्यावेत का, घ्यावेत तर किती घ्यावेत, आणि घेतल्यावर पाहणाऱ्याचा हक्क कोणता, हा वाद काही आजचा नाही. आपल्या महाराष्ट्रात तर या एका वादापायी मोठमोठी मैदाने उभी राहिली आहेत आणि ओस पडली आहेत. ती हकीकत दिवाळीच्या फराळाबरोबर ऐकण्याजोगी आहे.

आधी घरचेच सांगतो. मी लहान असताना आबाजींच्या खांद्यावर बसून यात्रेतली दंगल पाहत असे. तिथे दार नाही, तिकीट नाही. माती उकरून केलेला हौद, भोवती माणसांचे कडे. कुस्ती निकाली झाली की जिंकलेला पहिलवान फेटा हातात धरून त्या कड्याभोवती फिरे, आणि ज्याला जे वाटेल ते तो त्यात टाकी. कोणी पाच रुपये, कोणी चार आणे. खिसा रिकामा असेल तो पाठीवर थाप मारी. आबाजी कनवटीचे नाणे काढताना एकदा मी विचारले, आपल्याला कोणी मागितले तरी होते का? ते म्हणाले, "अबे, पायलं त देनं पडते."

आधी पाहायचे, मग द्यायचे, आणि ऐपतीप्रमाणे द्यायचे. हा फार जुना हिशेब आहे. पण त्यात एक खोच आहे. फेट्यात पडलेल्या पैशांवर पहिलवानाचे दूध-बदाम वर्षभर चालत नाहीत. ते कोणीतरी मोठा माणूस चालवत असतो, मग तो पाटील असो, संस्थानिक असो की देवस्थान. फुकट पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या मागे दाम मोजणारा एक राजा उभा असतो. तो गेला म्हणजे काय होते, याची गोष्ट सांगलीची आहे.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, हे शाळेतली पोरेसुद्धा सांगतात. ते झाले चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. पाहणाऱ्यांना दमडी मोजावी लागत नव्हती. खर्च दरबारचा होता. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि भाव्यांच्या मंडळींना सांगली सोडून गावोगाव फिरावे लागले. १८५३ साली मुंबईला ग्रँट रोडवरच्या नाटकगृहात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी माणूस पैसे मोजून बाकावर बसला तो असा. राजा गेला आणि तिकीट आले.

माझ्या मते तिकिटाचा खरा अर्थ इथे आहे. तिकीट म्हणजे राजाश्रयाची वाटणी. एकट्या राजाने जो भार उचलायचा तो हजार जणांनी थोडा थोडा उचलायचा. पण मग राजा जिथे बसत असे तिथली जागाही या हजारांत वाटली जायला नको का? भार वाटून घ्या आणि गादी मात्र आमच्याकडे ठेवा, हे कसे चालेल?

कोल्हापूरच्या शाहू महाराजांना हे तिकिटाच्या भानगडीत न पडताच उमगले होते असे वाटते. १९०२ साली ते विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचा जुना भव्य आखाडा पाहिला. परत आल्यावर खासबागचे मैदान बांधायला घेतले आणि १९१२ साली ते पुरे झाले. कुस्तीची जागा मध्ये, आणि भोवतालची बैठक चढत गेलेली. शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही पुढच्याच्या पागोट्याआडून वाकून पाहावे लागू नये, अशी ती रचना. राजाने बांधलेले मैदान, पण दृष्टी सर्वांची सारखी धरलेली.

त्याच कोल्हापूरच्या मातीत घडलेले खाशाबा जाधव, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीला जायला त्यांच्याजवळ पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी दिली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. पुढे कुस्त्यांचा फड लावून जमलेल्या पैशातून त्यांनी ते कर्ज फेडले. त्या फडाला ज्याने पैसा दिला त्याला तो जड वाटला असेल काय? माझा पैसा कुठे जातो हे त्याला ठाऊक होते. एका मास्तराचे घर सुटत होते.

आता आमच्या वऱ्हाडातले शंकरपट घ्या. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरचा पट नावाजलेला. तिथे सारेच उलटे! पैसे भरतो तो बैलजोडीवाला. पाहणारा धावपट्टीच्या दोन्ही अंगांना फुकट उभा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला तात्पुरती परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. बैलांच्या हालअपेष्टांबद्दल कितीतरी बोलले गेले, आणि ते बोलायलाच हवे होते. पण पाहणाऱ्याला महाग पडले अशी तक्रार कोणी केल्याचे मी ऐकले नाही.

खेळणाऱ्यानेच पैसे भरायचे, ही रीत फक्त पटाची आहे असे मात्र समजू नका. बिलियर्ड्स, स्नूकर आणि आताचा पूल या टेबलावरच्या खेळांतही ती आहे. स्नूकर आमच्या शेजारचाच म्हणायचा. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी तो काढला असे मानतात. या खेळांची अडचण निराळी. टेबल पुरते बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद. पंचवीस-तीस रांगांपलीकडून चेंडूचा रंगही कळायचा नाही. इंग्लंडात शेफील्डच्या क्रूसिबल नाटकगृहात १९७७ पासून स्नूकरची जागतिक स्पर्धा भरते. तिथेही हजाराच्या आतच माणसे बसतात. हजार जणांनी राजाचा भार उचलायचा तर दर माणशी तो जड होणारच. अशा ठिकाणी तिकीट महाग म्हणून मी कुरकुरणार नाही. तिथला शेवटचा माणूसही टेबलापासून वीस मीटरच्या आत असतो. त्याला त्याच्या पैशाचे दर्शन घडते.

आपल्याकडे या खेळाला तेवढाही लोकाश्रय नव्हता. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. कोणत्याही खेळात जगज्जेता ठरलेले ते पहिले भारतीय. १९६४ साली न्यूझीलंडला त्यांनी तो पराक्रम पुन्हा केला. पण त्यांचा खेळ चाले क्लबांच्या दालनांत, आणि त्या दालनांची दारे सभासदांना उघडी. रस्त्यावरच्या माणसाला ते किती पैशांनी दिसले असते हा प्रश्नच नव्हता, कारण दारच नव्हते.

दाराचा हाच प्रश्न क्रिकेटमध्ये मात्र लाखो लोकांचा झाला. १५ डिसेंबर १९३३ रोजी हिंदुस्थानातला पहिला कसोटी सामना मुंबईच्या बॉम्बे जिमखान्यावर सुरू झाला. लाला अमरनाथांनी ११८ धावा काढल्या आणि मैदान वेडे झाले. पण ज्या क्लबाच्या मैदानावर हा पराक्रम झाला त्याचे सभासद फक्त गोरे! हिंदी प्रेक्षक बाहेर तंबूत, मांडवात. कट्ट्यावरच्या वेताच्या खुर्च्या साहेबांच्या. आपल्याच संघाचा खेळ पाहायला आपण पैसे मोजायचे आणि पाहुण्यासारखे बसायचे. हे बोचले, आणि त्यातूनच आपले स्वतःचे मैदान हवे ही इच्छा बळावली.

क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने समुद्र हटवून काढलेली नव्वद हजार चौरस वार जमीन साडेतेरा रुपये वाराने घेतली. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांनी मे १९३६ मध्ये कोनशिला बसवली आणि ७ डिसेंबर १९३७ रोजी मैदान उघडले. आता सारे मिटले असे वाटावे, तर त्याच वर्षी गंमत झाली. मुंबईची चौरंगी स्पर्धा त्या वर्षी पंचरंगी व्हायची होती, नव्या कोऱ्या मैदानावर. पण हिंदू जिमखान्याला हव्या तितक्या जागा क्लब देईना. आणि हिंदूंचा संघ खेळलाच नाही! पाच संघांची म्हणून गाजावाजा झालेली स्पर्धा चारांतच उरकली.

वाचकांनी हे नीट ध्यानात घ्यावे. भांडण तिकिटाच्या किमतीचे नव्हते. जागा कोणाच्या वाट्याला किती, हे ते भांडण होते. संघ घरी बसला तो खुर्च्यांसाठी.

पुढे पस्तीस वर्षांनी याच मैदानावर याच कारणाने दुसरे भांडण पेटले, आणि यात नायक आमच्या विदर्भाचा. नागपूरचे शेषराव वानखेडे तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष होते आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनचेही. कसोटी सामना भरवायचा असोसिएशनने, मैदान क्लबाचे. असोसिएशनच्या झेंड्याखाली शहरभरचे लहानमोठे क्लब, आणि त्यांच्या वाट्याला येणारी तिकिटे अपुरी. १९७३ च्या इंग्लंडविरुद्धच्या कसोटीनंतर बोलणी फिसकटली. वानखेड्यांनी ठरवले की आपले वेगळे मैदान बांधायचे. ब्रेबॉर्नपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, शशी प्रभू या वास्तुशिल्पकाराच्या आराखड्यावरून, वर्षभराच्या सुमारास ते उभे राहिले! २३ जानेवारी १९७५ रोजी तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी सुरू झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा काढल्या. एक पोरगा त्याचे अभिनंदन करायला मैदानात धावला, त्याला पोलिसांनी बडवले, आणि प्रेक्षक खवळून खेळ थांबला. मैदान प्रेक्षकांसाठी बांधले होते. पहिल्याच सामन्यात प्रेक्षकाने मार खाल्ला. आणि ब्रेबॉर्न? तिथे त्यानंतर कसोटी झाली ती एकदम डिसेंबर २००९ मध्ये. जागांच्या वाटणीपायी एक देखणे मैदान छत्तीस वर्षे कसोटीला मुकले.

वानखेड्यांचा मला एक वैदर्भीय म्हणून अभिमान वाटतो, हे लपवत नाही. पण इतिहास सांगायला बसलो आहे, तेव्हा पुढचेही सांगितले पाहिजे. २ एप्रिल २०११ रोजी याच वानखेडे मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. जागा होत्या सुमारे ३३ हजार. त्यांतल्या वीस हजारांच्या आसपास संलग्न क्लबांना, साडेआठ हजार आंतरराष्ट्रीय मंडळाला, आणि सर्वसामान्यांना विकायला उरल्या चार हजार. क्लबांना जागा मिळाव्यात म्हणून भांडून बांधलेले मैदान. क्लबांना त्या मिळाल्याही. मैदानाबाहेरच्या माणसाला मात्र जिमखान्याच्या तंबूपेक्षा फारसे जवळ जाता आले नाही. अशा वेळी तिकिटावर किंमत शंभर छापा की पाच हजार, त्याला काय अर्थ? खरी किंमत मग दाराबाहेर काळ्या बाजारात ठरते.

आमच्या संत्र्याच्या बागा झाडावरच विकल्या जातात. व्यापारी येतो, फळ पारखतो, इसार देतो. पुढे गारपीट झाली तर नशीब त्याचे. तिकीटही एक इसारच आहे. १९१० साली लंडनला गामा आणि झ्बिश्को यांची कुस्ती पाहायला लोकांनी पैसे मोजले, आणि झ्बिश्को अडीच तासांवर पोटावर पडून राहिला. आठवड्याने पुन्हा लढायचे ठरले तर तो आलाच नाही. असे व्हायचेच. खेळ रंगेल की नाही याची हमी कोणी देऊ नये, आणि प्रेक्षकाने ती मागूही नये. परंतु व्यापाऱ्याने इसार द्यावा आणि बागेच्या मालकाने समोरच्या ओळी आधीच सोयऱ्याधायऱ्यांना वाटून मागची कडेची झाडे त्याच्या गळ्यात मारावी, असा व्यवहार आमच्या वरूडच्या मंडईत कोणी केला तर दुसऱ्या वर्षी त्याच्या धुऱ्यावर व्यापारी पाय ठेवायचा नाही. क्रिकेटचा प्रेक्षक मात्र दुसऱ्या वर्षीही जातो. त्याच्या या वेडावरच तर सगळा कारभार चालला आहे!

म्हणून, किंमत रास्त आहे का, असे मला कोणी विचारले तर मी आधी उलट विचारीन, की त्या मैदानात पैसे न देता बसलेले किती आणि ते कुठे बसले आहेत? याचे उत्तर दारावर लावलेल्या फळ्यावर लिहा, मग तुमच्या दराबद्दल बोलू. गरिबासाठी एक स्वस्त बाजू असावी हे तर आहेच. पण स्वस्त बाजू देऊन गप्प बसवणे सोपे असते.

तो मुलगा यंदा आठवीत गेला. त्या सामन्याचे तिकीट त्याने कंपासपेटीत जपून ठेवले आहे; भूमितीच्या तासाला पेटी उघडली की दिसते. परवा सांगत होता, या हिवाळ्यात मामा त्याला शंकरपटाला नेणार आहे.

"तिथं तिकीट नाही ना रे?" मी म्हटले.

"नाही गुर्जी. पन भल्ल्या सकाळी जा लागते. समोरची जागा धरा लागते ना."