मॅपवरची निळी रेघ खाडीपाशी का तुटते?

गाडीच्या डिकीत काय भरायचं, कुठलं हॉटेल चांगलं, असलं आजच्या भागात काही मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. ट्रिप मात्र खरी आहे. फाल्गुनात आम्ही सात जण ठाण्याहून रत्नागिरीला निघतोय आणि तेही किनाऱ्या-किनाऱ्याने. आई, बाबा, काका, काकू, चुलत बहीण, मी आणि शहाऐंशी वर्षांची आजी. प्लॅनिंगचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात समज अशी आहे की कम्प्युटरवाल्याला सगळं येतं.

तर मी मॅप उघडला, ठाणे ते रत्नागिरी टाकलं. ॲपने क्षणात मुंबई-गोवा हायवे दाखवला. मला हायवे नको होता, म्हणून ती निळी रेघ बोटाने पकडून समुद्राकडे ओढली. दर वेळी ती थोडी खाली यायची आणि एखाद्या खाडीपाशी येऊन एकतर तुटायची, नाहीतर शंभर किलोमीटर आत जाऊन वळसा घालून परत यायची. दाभोळ आणि धोपावे ही दोन गावं बघा. समोरासमोर आहेत, मध्ये फक्त वाशिष्ठीची खाडी. एका काठावरून दुसऱ्या काठावरची माणसं दिसतात. पण गाडीने जायचं आणि फेरी धरायची नाही म्हटलं, तर चिपळूणवरून शंभर किलोमीटरच्या वर जातं.

मला वाटलं, सरकारने पूल बांधले नाहीत, एवढीच गोष्ट असणार. ते आहेच. पण जरा खोदल्यावर दिसलं की प्रश्नच उलटा विचारायला हवा. इथे उत्तर-दक्षिण रस्ता नव्हता, कारण शेकडो वर्षं कुणाला त्याची फारशी गरजच पडली नव्हती.

शाळेतला भूगोल आठवा. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये कोकणाची चिंचोळी पट्टी. घाटात उगम पावलेल्या नद्या थोडंच अंतर धावतात आणि समुद्राला मिळतात. मिळतात म्हणण्यापेक्षा समुद्रच त्यांच्या मुखातून आत शिरतो. भरतीचं पाणी कित्येक किलोमीटर आत येतं आणि त्याला आपण खाडी म्हणतो. कुंडलिका, राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. गाडीवाल्यासाठी हे पाच अडथळे. गलबतवाल्यासाठी मात्र पाच दरवाजे, कारण वाऱ्यापासून आडोसा, आत शिरायला खोल पाणी आणि खाडीच्या वरच्या टोकाला घाटाची वाट, हे सगळं एकाच ठिकाणी मिळायचं.

दाभोळला उतरलेला माल खाडीतून चिपळूणच्या गोवळकोटापर्यंत जायचा, तिथून कुंभार्ली घाट चढून कराडला. चौलचा माल बोरघाटातून वर देशावर. म्हणजे जुने रस्ते बंदरापासून घाटाकडे, पश्चिमेकडून पूर्वेकडे. आणि एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायचं असेल तर? समोर समुद्र होता की. माझ्या डोक्यात हे असं बसलं: जमिनीवर आडवे रस्ते, उभा रस्ता म्हणजे समुद्र. मॅप ॲपला फक्त जमीन कळते, म्हणून त्याला कोकण तुटक दिसतं.

ही बंदरं आडगावं होती असंही नाही. १४७० च्या आसपास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन चौलला उतरला. बहमनी राज्यात हिंडला आणि परत जाताना दाभोळहून जहाजात बसला. आज ज्या दाभोळला आपण फेरीची रांग म्हणून ओळखतो, तिथून त्या काळी इराण-अरबस्तानाकडे जहाजं सुटत होती. गाव इतकं महत्त्वाचं होतं की १५०८ च्या डिसेंबरअखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने दीवच्या लढाईला जाताना वाटेत थांबून ते जाळून टाकलं. बिनमहत्त्वाचं गाव जाळायला कोण थांबतं?

किल्ल्यांचंही तेच. आपण किल्ले बघायला जातो आणि पार्किंगपासून चढायला लागतो. पण बाणकोटचा किल्ला सावित्रीच्या मुखावर बसलाय, जयगड शास्त्रीच्या मुखावर, विजयदुर्ग वाघोटनच्या. त्यांची नजर पाण्याकडे आहे. १७५५ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांच्या बाजूने तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेतला आणि पुढच्या वर्षी बाणकोट इंग्रजांकडे आलं. त्यांनी त्याला नाव दिलं फोर्ट व्हिक्टोरिया. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं, तेही समुद्रमार्गेच. पदच्युत राजाला ठेवायला, जिथे रेल्वे पोचत नाही असं गाव इंग्रजांना सोयीचं वाटलं असणार, असा माझा अंदाज.

आता आजीकडे येतो, कारण आमच्या घरातलं भांडण तिच्यावरूनच आहे.

आजीचं माहेर धोपाव्याजवळच्या एका वाडीत. बाबांचं म्हणणं साधं आहे: आजीचे गुडघे दुखतात, हायवेने चिपळूण, तिथून गुहागर, संध्याकाळपर्यंत माहेरी पोचू. समुद्र बघायचा तर गुहागरला बघू. आजीचं म्हणणं त्याहून साधं. "चिपळुणाकडून म्हणजे मागल्या दारानं. मी माहेरी कधी मागल्या दारानं गेले नाय."

याचा अर्थ मला ती बोटींबद्दल बोलायला लागली तेव्हा कळला. तिचे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहायचे, खानावळीत जेवायचे आणि वर्षातून एकदा-दोनदा बोटीने गावी. रत्नागिरी जिल्ह्यातली हजारो माणसं अशीच मुंबईच्या गिरण्यांत होती. आपण ज्यांना चाकरमानी म्हणतो ती ही मंडळी. ते एसटीच्या आणि कोकण रेल्वेच्या कितीतरी आधीपासून ये-जा करत होते आणि त्यांची गाडी म्हणजे आगबोट. मुंबईहून सुटली की हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, पुढे मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत थेट पणजी. गोऱ्या कंपन्यांना टक्कर द्यायला स्वदेशीच्या काळात आपल्या लोकांनीही बोट कंपनी काढली होती. लोक तिला प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. (आज कुणी स्टार्टअपला हे नाव दिलं तर मी पहिल्या दिवशी ॲप डाउनलोड करीन.)

बऱ्याच बंदरांत बोट लागेल असा धक्काच नव्हता. ती समुद्रात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडाव यायचे आणि हलत्या बोटीतून हलत्या पडावात माणसं, ट्रंका, पोरं, कोंबड्या उतरायच्या. आजी १९५९ मध्ये लग्न होऊन मुंबईला आली ती अशीच. आधी होडीतून दाभोळ, मग पडावातून बोटीवर. "सगळ्यांना बोट लागली, मला नाय लागली," हे ती अजून अभिमानाने सांगते. मराठीत आपण 'बोट लागणे' म्हणतो ना, तो शब्दप्रयोग त्या डेकवर तयार झालेला असणार, दुसरीकडे कुठे?

आणि पावसाळ्यात सगळं बंद. मे संपता संपता आगोटीची शेवटची बोट, त्यानंतर नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राचं दार बंद. गावातल्या बाईला नवरा दिसायचा नाही.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता. भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' ही बोट सकाळी रेवसला निघाली. रेवस मुंबईच्या तोंडावरच, त्यामुळे ही फेरी पावसातही चालायची. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या, म्हणून घरी निघालेल्यांची गर्दी. काश्याच्या खडकाजवळ लाटांनी बोट कलंडली आणि पाहता पाहता बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आजी तेव्हा सात वर्षांची. तिचे वडील त्या बोटीवर नव्हते, असायचं कारणही नव्हतं, कारण रामदास दाभोळला जातच नव्हती. पण धोपाव्यात नुसती 'बोट बुडाली' एवढीच बातमी आली. वडिलांचं कार्ड येईपर्यंत तिची आई दोन वेळा खाडीवर जाऊन उभी राहायची. समुद्र बंद, बोट येणार नाही हे तिला ठाऊक होतं. तरी जायची. आजी हे सांगते तेव्हा तिचा आवाज बदलत नाही. ऐकताना मीच गप्प झालो.

बोटी कधी संपल्या? एका दिवसात नाही. रस्ते सुधारले, एसटी वाडी-वाडीत पोचली, मधली बंदरं एकेक करून गळत गेली. 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' या मोठ्या बोटी १९८० च्या दशकात गोव्याला जात होत्या, मग त्याही थांबल्या. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि विषयच संपला.

गंमत अशी की नवा उभा रस्ता आणि रेल्वे, दोन्ही समुद्रापासून लांब, आतून गेले. खाडी जिथे अरुंद होऊन नदी होते तिथे पूल बांधायला सोपा, म्हणून हायवे महाड, चिपळूण, संगमेश्वर असा आतून. पण आतूनही नद्या सुटत नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा १९२८ सालचा पूल पुरात कोसळला आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. बाबा "हायवे सेफ" म्हणतात तेव्हा मला हे आठवतं. फाल्गुनात पूर नसतो, हे खरं आहे म्हणा.

रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुल्यांच्या नावाशी जोडलेली आहे. १९८० ते १९८२ ते मुख्यमंत्री होते आणि त्यांचं गाव आंबेत, सावित्रीच्याच काठावर. खाडी म्हणजे काय हे त्यांना फायलीतून शिकायची गरज नव्हती. त्यानंतर काही पूल झाले, काहींचे खांब कित्येक वर्षं पाण्यात नुसते उभे राहिले. दरम्यान २००३ मध्ये दाभोळ-धोपावे फेरी सुरू झाली. गाडीसकट माणसं नेणारी सपाट बोट, लोकांच्या तोंडी जंगलजेट्टी. म्हणजे आगबोटी गेल्या आणि पाण्याचा रस्ता तुकड्या-तुकड्यांनी परत आला. मोठे पूल झाले की हे तुकडेही जातील. पूल व्हायलाच हवेत. रात्री बाळंतपणाची बाई घेऊन फेरी सुटायची वाट बघणाऱ्याला विचारा. पण ज्याला पाण्यावरून जायचंय त्याने आत्ताच जावं, असं माझं मत.

म्हणून आमचा प्लॅन खाड्या मोजून केलाय. रेवदंडा-मुरूड करून आगरदांडा ते दिघी पहिली फेरी. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि बागमांडला ते वेश्वी दुसरी. पलीकडे वेळास, नाना फडणवीसांच्या घराण्याचं गाव. या दिवसांत तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, त्यामुळे बहिणीसाठी एक मुक्काम. मग आंजर्ले, हर्णै, दाभोळ आणि तिसरी फेरी धोपाव्याला. तिथे आजीच्या माहेरी दोन दिवस. शिमगा चालू असेल, पालखी दारात येते, संकासूर पोरांच्या मागे धावतो. शेवटी तवसाळ ते जयगड चौथी, आणि गणपतीपुळ्यावरून रत्नागिरी.

वेळापत्रक बसवताना मी भरती-ओहोटीचं ॲप घेतलं. आजी म्हणाली, कशाला? तिथीला पाऊणनं गुण. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. त्या सुमाराला भरती, सहा तासांनी ओहोटी. पंचमी असेल तर पावणेचार. मी एका ओळीचं फंक्शन लिहून ॲपशी ताडून बघितलं, थोड्याफार फरकाने बरोबर येतं. आणि हे आमच्या कामाचं आहे. होळीच्या पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. खोल ओहोटीला फेरीचा उतार जास्त तिरका होतो, सात माणसं भरलेली गाडी खालून घासू शकते. रंगपंचमीच्या आसपास दाभोळला दुपारी तीन-चारला पोचलो तर पाणी चढलेलं असेल. तसं ठरवलंय.

बाबा कबूल झालेत, एका अटीवर. काकांची पाठ किंवा आजीचे गुडघे बोलायला लागले तर तिथून सरळ हायवे पकडायचा. आजीने मान डोलावली. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "फेरीत गाडीतून उतरून उभं राहता येतं ना?" येतं म्हटलं. "आणि धोपाव्याला उतरायला पडाव लागतो?" नाही लागत, गाडी थेट धक्क्यावर उतरते. "बरं झालं," म्हणाली, आणि पिशवीत लिंबं टाकायला सांगितली. तिच्यासाठी नाही, बाबांसाठी. त्यांना बोट लागते.