केन नदीकाठचा साक्षीपुरावा

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुइझियाना राज्यात, नॅकिटिश या जुन्या गावापासून खाली सुमारे ५५ किलोमीटर केन नदीचे पात्र वळणे घेत जाते. लोक तिला नदी म्हणतात, पण आज ते एक लांबट तळे आहे. एके काळी रेड नदीचा मुख्य प्रवाह इथून वाहत असे. वरच्या अंगाला वाहून आलेल्या ओंडक्यांनी मैलोन्‌मैल पात्र अडवले होते. १८३३पासून कॅप्टन हेन्री श्रीव्ह याने तो अडसर फोडायला सुरुवात केली. त्याच सुमारास मुख्य प्रवाहाने पूर्वेकडची वाट धरली, जुने पात्र बाजूला पडले आणि पुढे २०व्या शतकात बांध घालून त्याचे तळे करण्यात आले. व्यापारी वाहतुकीची वाट अशी दूर गेल्यामुळे या काठावर नवे शहर उभे राहिले नाही, आणि जुने पाडून टाकण्याची निकडही फारशी आली नाही. म्हणूनच फ्रेंच, स्पॅनिश आणि अमेरिकन अशा तिन्ही अमलांतल्या खुणा इथे एकाच रस्त्यावर पाहता येतात: मळेवाल्यांची घरे, चर्च, दुकाने, गुलामांच्या खोल्या, कापसाचे कारखाने. या वास्तूंची ओळख मात्र बहुधा एखादा देखणा वाडा आणि एखादी स्फूर्तिदायक कथा यांच्या आधारे करून दिली जाते. माझे म्हणणे असे की या काठाचा खरा इतिहास त्या कथेपेक्षा मोठा आहे, आणि तो वाचायचा असेल तर आधी दप्तरातले दस्त आणि मळ्यावरच्या लहान इमारती पाहायला हव्यात.

दप्तराचा उल्लेख आधी करण्याला कारण आहे. नॅकिटिशचे ठाणे १७१४मध्ये लुई ज्युशेरो द सें-दनी या फ्रेंच अधिकाऱ्याने वसवले. पश्चिमेला काही कोसांवर लॉस अडाएस हे स्पेनचे ठाणे होते आणि अनेक वर्षे टेक्सास प्रांताची राजधानीही तिथेच होती. १७६२मध्ये फ्रान्सने लुइझियाना स्पेनला दिला. १८०३मध्ये तो अमेरिकेने विकत घेतला. राज्यकर्ते बदलले तसा गुलामगिरीचा कायदाही बदलत गेला. फ्रेंचांच्या १७२४च्या संहितेने गुलामाला मालमत्ता ठरवले, पण त्याला कॅथलिक बाप्तिस्मा देणे मालकाला बंधनकारक केले. स्पॅनिश अमलात ठरलेली किंमत भरून स्वतःची सुटका करून घेण्याची वाट गुलामाला मिळाली. यातून गुलामगिरी सौम्य झाली असे मानण्याचे कारण नाही, कारण माणसांची खरेदी-विक्री आणि कुटुंबांची ताटातूट चालूच होती. पण धर्मगुरूंच्या नोंदवह्या, खरेदीखते, मुक्तिपत्रे आणि जमिनीचे नकाशे यांत गुलाम माणसांची नावे उमटत राहिली. एरवी ज्यांचा मागमूस राहिला नसता, अशा माणसांचे आयुष्य इथे कागदोपत्री जुळवता येते.

त्यातले सर्वांत विलक्षण आयुष्य मारी तेरेझ क्वँक्वँ हिचे. ती १७४२मध्ये सें-दनीच्या घरात गुलाम म्हणून जन्मली. क्लोद तोमा प्येर मेत्वाये या फ्रेंच व्यापाऱ्याने तिला तिच्या मालकिणीकडून भाड्याने घेतले होते आणि त्यांना मुले होत होती. १७७७मध्ये स्थानिक धर्मगुरूने या संबंधाविरुद्ध तक्रार केली. पुढच्याच वर्षी मेत्वायेने तिला तान्ह्या मुलासह विकत घेतले आणि दोघांना मुक्त केले. त्यांना एकूण दहा मुले झाली. १७८६मध्ये दोघे वेगळे झाले, तेव्हा तिला सुमारे ६८ एकर जमीन आणि वर्षाला १२० पियास्त्र इतकी नेमणूक मिळाली. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने शेती सुरू केली. तंबाखू आणि नीळ लावली, गुरे पाळली, अस्वलाची चरबी विकली. स्पॅनिश सरकारकडून गुरांसाठी आणखी जमीन मिळवली. आधीच्या नात्यातली तिची जी मुले गुलामीत अडकली होती, त्यांपैकी काहींना तिने पैसे मोजून सोडवले. शेवटी मेत्वायेकडे गुलामीत राहिलेल्या मुलांच्या मुक्ततेसाठी १८०२मध्ये तिने स्वतःच्या नेमणुकीवर पाणी सोडले. साधारण पंचवीस वर्षांच्या या व्यवहारांना एकच सूत्र आहे: जे जे हाती आले ते तिने माणसे सोडवण्यासाठी वापरले.

आता प्रचलित कथा पाहू. नदीकाठचा सर्वांत प्रसिद्ध मळा म्हणजे मेलरोझ. तिथे मोठे घर आहे, युक्का हाउस नावाचे जुने मातीचे घर आहे आणि आफ्रिकन हाउस नावाची, चहूबाजूंनी दूरवर पुढे आलेल्या छपराची एक आगळी इमारत आहे. हे सारे क्वँक्वँने उभारले, असे २०व्या शतकात लोकप्रिय झालेली कथा सांगते. १९७४मध्ये मेलरोझला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला, तेव्हाही मळ्याची संस्थापक म्हणून तिचेच नाव दिले गेले. इतिहासकार गॅरी मिल्स आणि एलिझाबेथ शोन मिल्स यांनी दस्त तपासले तेव्हा वेगळे चित्र पुढे आले. मेलरोझची जमीन १७९६मध्ये तिच्या नव्हे, तर तिचा मुलगा लुई याच्या नावे झाली होती. त्या वेळी लुई कायद्याने अजून गुलामच होता. त्याच्या मुक्ततेचे कागद त्यानंतर काही वर्षांनी झाले. मोठे घर १८३२च्या सुमारास लुईने बांधायला घेतले आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलाने पुरे केले. क्वँक्वँ तोवर हयात नव्हती. तिचे स्वतःचे घर नदीच्या वरच्या अंगाला होते. १७९४च्या एका नकाशात मुक्त काळ्या स्त्रीचे घर म्हणून त्याची नोंद आहे, आणि पुरातत्त्वज्ञांनी अलीकडे त्या परिसरात उत्खननही केले आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. दप्तरे गुलाम ठेवणाऱ्यांनी लिहिली. ज्यांना लिहू दिले गेले नाही त्यांचा इतिहास तोंडी परंपरेतच जगला. मग कागदाच्या बळावर तोंडी परंपरा खोडणे म्हणजे जुनाच अन्याय पुन्हा करणे नव्हे काय? हा आक्षेप एरवी अनेक ठिकाणी योग्य ठरेल. इथे मात्र परंपरा आणि कागद एकमेकांविरुद्ध उभे नाहीत. आपण सारे एका गुलाम स्त्रीचे वंशज आहोत, तिने आपल्या मुलांना सोडवले, ही केन नदीच्या क्रिओल, म्हणजे इथल्या मिश्रवर्णीय, कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आठवण कागदांनी पक्की केली आहे. मेलरोझचा वाडा तिच्या नावावर चढवण्याचे काम मुख्यतः केले ते २०व्या शतकात त्या मळ्यावर राहायला आलेल्या लेखक-कलावंतांनी. तेव्हा मळा हेन्री या गोऱ्या कुटुंबाच्या मालकीचा होता आणि मालकीण कॅमी हेन्री या मंडळींची आश्रयदाती होती. पाहुण्यांना सांगायला रम्य कथा हवी होती आणि ती तयार झाली. तिची दुरुस्ती केल्याने क्रिओल समाजाची स्मृती दुखावत नाही, उलट त्या स्मृतीवर चढलेले पुटच निघते. वाडा वजा केल्याने क्वँक्वँ लहान होत नाही हेही तितकेच खरे. अडुसष्ट एकरांत राबून मुलांची किंमत एकेक करून चुकवणारी बाई ही आयत्या ऐश्वर्याच्या मालकिणीपेक्षा कितीतरी थोर आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो. क्वँक्वँने स्वतः गुलाम ठेवले होते. १८३०च्या सुमारास मेत्वाये कुटुंबातील मंडळींकडे मिळून दोनशेहून अधिक गुलाम होते. मग त्यांचा गौरव कशासाठी? ही वस्तुस्थिती झाकणारा कोणताही फलक खोटा म्हणावा लागेल. गुलामीतून सुटलेल्या कुटुंबाने दुसऱ्यांना गुलामीत ठेवले, आणि त्यांची शेती, घरे व प्रतिष्ठा त्या श्रमांवर उभी राहिली. पण या सत्यातून निष्कर्ष निघतो तो गौरव करावा की धिक्कार, एवढाच नाही. ज्या समाजात जमीन, पत आणि सुरक्षितता गुलामांच्या मालकीशी बांधलेली असते, तिथे सुटकेची वाटही माणसाला त्याच व्यवस्थेत ओढते, हे इथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते. क्वँक्वँ आणि मेत्वाये यांचा थोरला मुलगा ऑगुस्तँ मेत्वाये याच्या पुढाकाराने केन नदीकाठच्या इल ब्रेवेल इथे सेंट ऑगस्टीन चर्च उभे राहिले. स्थानिक परंपरा त्याची सुरुवात १८०३ची मानते, तर त्याच्या आशीर्वादविधीची नोंद १८२९ची आहे. मिश्रवर्णीय मुक्त लोकांनी स्वतःसाठी बांधलेले हे चर्च आजही त्या समाजाचे केंद्र आहे. तिथे ऑगुस्तँचे तैलचित्र आहे आणि चित्रात तो चर्चकडे बोट दाखवतो आहे. पाहणाऱ्याने त्या चर्चचा अभिमान आणि ते ज्यांच्या कष्टांवर उभे राहिले त्यांची दखल, दोन्ही एकदमच मनात ठेवली पाहिजेत.

ही दखल घ्यायला आधार काय, हे मळ्यावरच्या लहान इमारती सांगतात. फ्रेंच धाटणीच्या जुन्या घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यात चिखल, जनावरांचे केस आणि झाडांवर लोंबणारे स्पॅनिश मॉस भरून केलेल्या आहेत. ती माती तुडवणारे आणि लाकूड तासणारे हात बहुतेक ठिकाणी गुलामांचे होते. आफ्रिकन हाउसचे छप्पर आफ्रिकी की फ्रेंच खेड्यांतल्या कोठारांसारखे, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो कसाही सुटला तरी बांधणाऱ्यांच्या कौशल्याचे मोल कमी होत नाही. प्र्युदोम घराण्याच्या ओकलंड मळ्यावर १८२१च्या सुमारास पुरे झालेले घर आहे. कबुतरखाने, मुकादमाचे घर, मजुरांची घरे आणि दुकानही आहे. तिथला गुलाम लोहार सॉलोमन विल्यम्स याच्या हातचे लोखंडकाम अजून जपलेले आहे. मॅग्नोलिया मळ्यावर विटांच्या आठ खोल्या शिल्लक आहेत. यादवी युद्धाच्या आधी लकोंत घराण्याच्या या मळ्यावर दोनशेहून अधिक गुलाम होते. सरकी काढण्याचा कारखाना आणि कापसाच्या गासड्या बांधण्याचा प्रचंड लाकडी दाब तिथे जागच्या जागी उभा आहे. १८६४मध्ये माघार घेणाऱ्या उत्तरेच्या सैन्याने मॅग्नोलियाचा वाडा जाळला. शतकाच्या अखेरीस तो पुन्हा बांधला गेला, म्हणजे गुलामांच्या खोल्या त्यांच्या मालकाच्या घरापेक्षा जुन्या आहेत.

पर्यटक वाडे पाहायला येतात, खोल्या पाहायला कोण येणार, असा व्यवहारी आक्षेपही असतो. त्याचे उत्तर १९९४मध्ये स्थापन झालेल्या केन रिव्हर क्रिओल राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाने दिले आहे. मॅग्नोलियाचा वाडा खासगी मालकीत राहिला आणि उद्यानाच्या वाट्याला खोल्या, लोहारशाळा, दुकान व कापसाचा कारखाना आला. साहजिकच तिथली मांडणी काम करणाऱ्यांपासून सुरू होते, आणि ती अपुरी वाटत नाही. त्यातून वाड्यांमधून कधीच कळले नसते असे एक सत्य कळते. गुलामगिरी १८६५मध्ये संपली, तरी याच खोल्यांत वाट्याने जमीन कसणारी काळी कुटुंबे राहत होती, मळ्याच्या दुकानात उधारी करत होती आणि यंत्रे येऊन मजुरी जाईपर्यंत, म्हणजे २०व्या शतकाच्या मध्यापर्यंत, तिथेच होती. त्यांच्याबद्दल गावाला काय लक्षात ठेवायचे होते तेही नोंदलेले आहे. १९२७मध्ये नॅकिटिशमध्ये टोपी हातात घेऊन मान लववणाऱ्या एका वृद्ध काळ्या माणसाचा ब्राँझचा पुतळा बसवला गेला. १९६८मध्ये, नागरी हक्कांच्या चळवळीनंतर, तो तिथून हलवला गेला. मेलरोझवर शेतमजुरी आणि स्वयंपाक केलेल्या क्लेमेंटाइन हंटरने १९५५मध्ये आफ्रिकन हाउसच्या भिंतींसाठी कापूसवेचणी, बाप्तिस्मा, लग्न आणि अंत्ययात्रा रंगवल्या. त्याच वर्षी नॅकिटिशच्या महाविद्यालयात तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, पण वर्णभेदामुळे गोऱ्यांसोबत तिला ते पाहता आले नाही. एकाच नदीकाठच्या या दोन कलाकृती शेजारी ठेवल्या तर पुतळ्यात मालकांना हवा असलेला माणूस दिसतो आणि चित्रांत माणसांनी जगलेले आयुष्य.

ऐतिहासिक स्थळाची किंमत त्याच्या देखणेपणावर किंवा त्याच्याभोवतीच्या कथेच्या गोडीवर ठरवू नये, हे केन नदीचा काठ शिकवतो. ती ठरावी ते स्थळ किती माणसांची साक्ष देते यावर. त्या कसोटीला मॅग्नोलियाची विटांची खोली मेलरोझच्या दिवाणखान्यापेक्षा कमी पडत नाही, आणि मुक्तिपत्रांचा जुना दस्त दोहोंपेक्षा भारी ठरतो. वाडे जपावेतच. पण त्यांची कहाणी सांगताना क्रम बदलावा: आधी कोणी बांधले, कोणी राबले, कोण विकले गेले आणि कोण सुटले ते सांगावे, मग मालकाचे नाव घ्यावे. क्वँक्वँला तिच्या खऱ्या अडुसष्ट एकरांवर उभे करावे, आणि तिच्या शेतात राबलेल्या गुलामांनाही तिच्या शेजारीच जागा द्यावी. पुरावा हेच सांगतो, आणि त्या माणसांचे आपण एवढे तरी देणे लागतो.