हजेरीपटावरचा फुटबॉल

श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन हे दिवेआगरजवळचे गाव. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील अशा गावांतून जे चाकरमानी मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि कचेऱ्यांत गेले, त्यांना रोजगार देणाऱ्या आस्थापनांनीच त्या शहरातील फुटबॉलही दीर्घकाळ पोसला. 1891 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या रोव्हर्स करंडक फुटबॉल स्पर्धेवर आरंभी गोऱ्या पलटणींचे वर्चस्व होते. स्वातंत्र्यानंतर मात्र टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, महिंद्रा, एअर इंडिया असे संस्थात्मक संघ, म्हणजे खेळाडूला नोकरीत घेऊन मैदानात उतरवणारे संघ, मुंबईच्या कूपरेज मैदानावर दिसू लागले.

या व्यवस्थेचा खरा लाभ मधल्या फळीतील खेळाडूला झाला असावा. बचावफळीकडून चेंडू घेऊन तो आघाडीपर्यंत पोचवणे हे त्याचे काम; त्याच्या नावावर गोल थोडे आणि म्हणून वलयही थोडे, परंतु महिन्याचा पगार गोल मोजून मिळत नसे. 1996 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि हजेरीपटाची जागा हळूहळू करारपत्राने, म्हणजे ठरावीक हंगामांपुरत्या बांधिलकीने घेतली.

या संधिकाळाचा नमुना म्हणून मधल्या फळीतील खेळाडू खालिद जमील यांच्याकडे पाहता येते. 1977 साली कुवेतमध्ये जन्मलेले जमील 1997 मध्ये महिंद्राकडे आले, पुढच्याच वर्षी एअर इंडियात गेले, 2002 मध्ये महिंद्राकडे परतले आणि 2007 मध्ये नव्याने निघालेल्या मुंबई एफसीत दाखल झाले. संघ बदलले, पण शहर तेच राहिले. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये कंपनीने बंद केला, तेव्हा मात्र ही सोय संपली. मधल्या फळीत खेळणाऱ्या मुंबईच्याच स्टीव्हन डायस यांना गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडे जावे लागले आणि पुढे 2014 मध्ये, इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामात, ते दिल्ली डायनामोजकडून खेळले. अशा कारकिर्दींना अस्थिर म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु येथे अस्थिर होते ते मालक.

जमील 2009 मध्ये मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले आणि पुढे मिझोरामच्या ऐझॉल संघाकडे गेले. राष्ट्रीय लीगच्या जागी आलेल्या आय-लीगच्या 2016-17 च्या हंगामात ऐझॉल विजेता ठरला. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिला आणि त्यानंतर तो संघही बंद झाला.