पर्याय वाढले, खरेदी घटली!

पर्याय जितके अधिक, तितकी विक्री अधिक, असा सर्वसाधारण समज आहे. शीना अय्यंगार व मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने त्याला धक्का दिला. कॅलिफोर्नियातील एका किराणा दुकानात जॅमचे कधी २४, तर कधी ६ प्रकार चाखण्यासाठी मांडण्यात आले. २४ प्रकारांपाशी ६० टक्के, तर ६ प्रकारांपाशी ४० टक्के ग्राहक थांबले. थांबलेल्यांपैकी प्रत्यक्ष खरेदी मात्र अनुक्रमे ३ व ३० टक्के ग्राहकांनी केली. पुढे २०१० मध्ये अशा ५० प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात हा परिणाम सरासरीने जवळपास शून्य आढळला. काय हवे हे ज्याला ठाऊक नसते, तोच अधिक गोंधळतो, असे नंतरचे संशोधन सुचवते. घरूनच यादी करून नेण्याची जुनी सवय म्हणूनच हिताची!