दिलेल्या पैशाचा धनी कोण?

गरजवंतास साहाय्य करावे याविषयी सुज्ञांत मतभेद नाही. मतभेद होतो तो त्यापुढच्या पायरीवर. दिलेल्या साहाय्याचा विनियोग कसा व्हावा हे देणाऱ्याने ठरवावे, की द्रव्य हातून सुटताच तो अधिकारही सोडून द्यावा? सरकार गरिबांच्या खात्यांत पैसा जमा करते त्या दिवशी आपल्या मध्यम वर्गाच्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : 'हा सगळा पैसा दारूत जाणार.' वाक्य सोपे आहे आणि क्वचित खरेही ठरते. परंतु हा प्रश्न आजचा नव्हे. आपल्याकडे तो निदान दीडशे वर्षांचा जुना आहे आणि मूर्तिजापूर तालुक्याच्या भूमीवर त्याच्या दोन्ही बाजू पाहावयास मिळतात. तो इतिहास थोडक्यात वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

1877 साली दक्षिणेत दुष्काळाने कहर मांडला असता सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराच्या जगण्याचा हिशेब मांडला : दररोज एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा. मजूर तेवढ्यात जगेल आणि सरकारचा पैसा वायाही जाणार नाही, असा त्यामागील विचार. मुंबई इलाख्यातील मजुरांनी या मजुरीवर काम करण्याचे नाकारले व ते कामे सोडून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर जे नियम झाले त्यांत धडधाकटास कामाची मजुरी व अपंग, वृद्ध, बालक यांस फुकट साहाय्य अशी विभागणी ठरली. मजुरी रोख द्यावयाची, परंतु तिचे मान धान्याच्या भावाशी बांधलेले ठेवावयाचे. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

1899-1900 चा, संवत 1956 चा म्हणून 'छप्पन्नचा' म्हटला जाणारा दुष्काळ वऱ्हाडासही भोवला. मूर्तिजापूर तालुका त्या काळी उमरावती जिल्ह्यात होता. तो अकोल्यास 1905 साली जोडला गेला. मुलूख कपाशीचा. कपाशी खाता येत नाही. ती विकून आलेल्या पैशानेच ज्वारी घ्यावी लागते. अशा मुलखात दुष्काळ येतो तो पीक बुडाल्यामुळे तर येतोच, परंतु हातातील पैसा आटल्यामुळेही येतो. शेजारच्या मध्य प्रांतात त्या वर्षी सरकारने शिजविलेल्या अन्नाची स्वयंपाकघरे मोठ्या प्रमाणावर उघडली. पोटात गेलेले अन्न विकता येत नाही आणि खरा भुकेला असेल तोच तेथे येईल, असे त्यांचे समर्थन होते. त्यात तथ्य होते, विशेषतः अनाथ मुलांच्या बाबतीत. परंतु ज्यास परक्या हातचे अन्न खाणे जड जाते, तो माणूस मरणाच्या दारी पोचेपर्यंत तेथे येत नाही, हाही त्याच व्यवस्थेचा दुसरा परिणाम. कसोटी जितकी कडक, तितका लबाड दूर राहतो खरा. पण त्याबरोबर मानी मनुष्यही दूर राहतो.

याच दुष्काळाच्या काळात मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरा या गावी मामाच्या शेतावर एक तरुण राबत होता. देबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्याचे नाव. पुढे महाराष्ट्राने त्यास गाडगे महाराज म्हणून ओळखले. 1876 साली शेंडगाव येथे जन्मलेल्या या मुलाचे वडील दारूपायी संपले आणि मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. गरिबाच्या हातचा पैसा कसा गळतो हे त्यांच्याइतके जवळून कोणी पाहिले असेल? कर्ज काढून सण करू नका, नवसासाठी जनावर मारू नका, दारूस शिवू नका, भाकरी हातावर घेऊन खा पण मुलास शाळेत घाला, हे त्यांनी 1956 साली देह ठेवीपर्यंत गावोगाव बजावले. परंतु त्यांच्या कार्यात एक भेद स्पष्ट दिसतो. भुकेल्यास अन्न, उघड्यास वस्त्र, वाटसरूस आसरा हे त्यांनी अटीवाचून दिले. मूर्तिजापुरास व अन्यत्र उभारलेल्या त्यांच्या धर्मशाळा त्याची साक्ष देतात. उधळपट्टीवरील कोरडे मात्र त्यांनी कीर्तनात सर्वांवर सारखेच ओढले. त्यात सावकार सुटला नाही, यजमान सुटला नाही आणि पुजारीही सुटला नाही. संयमाचा उपदेश आणि अन्नाचे दान या दोन गोष्टींची त्यांनी एकमेकींशी गाठ मारली नाही.

सरकारला मात्र ही गाठ मारण्याचा मोह वारंवार होतो. वऱ्हाडात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हाहाकार माजला असता 2006 साली मृताच्या कुटुंबास एक लाख रुपये देण्याचा नियम झाला. त्यांपैकी 30 हजार हाती द्यावयाचे आणि 70 हजार ठेव म्हणून गुंतवावयाचे. ठेवीची रक्कम सावकाराच्या व भाऊबंदांच्या हाती लागत नाही आणि घर चालविण्यास दरमहा व्याज मिळते, ही तिची चांगली बाजू. परंतु ज्या कर्जाने नवऱ्याचा बळी घेतला ते फेडून मोकळे व्हावे, असे त्या विधवेस वाटले तर तिचेच पैसे तिच्या कामी पडत नाहीत. येथे अट तिच्या रक्षणाची आहे आणि तिच्या पायातील बेडीही तीच आहे.

पुढे 2015 पासून अमरावती व औरंगाबाद हे विभाग आणि वर्धा मिळून 14 जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांस गहू दोन रुपये व तांदूळ तीन रुपये किलो दराने, माणशी पाच किलो, मिळू लागला. अकोला जिल्हा, अर्थात मूर्तिजापूरही, त्यात आला. 2023 साली धान्याऐवजी माणशी दरमहा 150 रुपये खात्यात जमा करण्याचे ठरले. 2024 साली ते 170 झाले. आमच्या ओळखीच्या अनेक सुशिक्षितांस पैशाचा हा मार्ग अपव्ययाचा वाटतो. गहू पिता येत नाही, असे ते म्हणतात. यात गृहिणीचा एक खरा अनुभव दडला आहे, तो आम्ही नाकारीत नाही. म्हणूनच ही रक्कम कुटुंबातील प्रमुख स्त्रीच्या खात्यात घालण्याची योजना शहाणपणाची. पण खरी उणीव निराळीच आहे. 150 रुपयांत पाच किलो म्हणजे किलोस 30 रुपये. बाजार त्यापुढे गेला की घरातील धान्य तितके उणे. टेंपलसाहेबांची मजुरी कृपण होती, पण धान्याच्या भावाबरोबर ती हलत तरी होती. गरीब पैसा कशावर खर्च करील याची चिंता करणारे आपण, त्या पैशात काय येईल याची चिंता विसरलो.

परदेशांचा अनुभवही पाहण्याजोगा आहे. इंग्लंडात 1831 च्या कायद्याने मजुरास मालाच्या रूपाने वेतन देण्यास बंदी घातली. कारण मालकाच्या दुकानातील अटीचा माल म्हणजे मालकाचाच नफा होता. अमेरिकेत 1939 साली अन्नाची तिकिटे निघाली, ती भुकेल्यांसाठी तशीच शेतकऱ्यांच्या शिल्लक मालासाठीही होती. ऑस्ट्रेलियाने 2016 पासून काही भागांत साहाय्याची चार-पंचमांश रक्कम दारू व जुगार यांस न चालणाऱ्या कार्डावर बांधून ठेवली आणि 2023 साली ती योजना गुंडाळली. अट घेणाऱ्याच्या हितासाठी आहे असे सांगितले जाते तेव्हा तिचा लाभ आणखी कोणास होतो, हे पाहिल्यावाचून राहू नये.

तर मग नियम कोणता? आमच्या मते तो एका प्रश्नात सामावतो : ही अट घेणाऱ्याचे कोणापासून रक्षण करते? सावकारापासून, दारुड्या नवऱ्यापासून, मधल्या दलालापासून करीत असेल, तर ती न्याय्य. मात्र ज्याच्यासाठी ती घातली त्यास मागताच ती सैल करता आली पाहिजे. केवळ घेणाऱ्याच्याच अकलेपासून करीत असेल, तर तो अविश्वासाचा कर आहे. आपल्या पगारातील घरभाडेभत्ता आपण कशावर खर्चिला हे कोणी विचारीत नाही. करसवलतीतून उरलेला पैसा लग्नाच्या मांडवात उधळला तरी तहसीलदार दारी येत नाही. जो नियम आपण स्वतःस लावून घेणार नाही, तो दुर्बळावर लादताना निदान शब्द तरी जपून वापरावे. दारूचा राग दारूवर काढावा. ज्वारीवर काढू नये.