कुंकू, शेंदूर आणि पारख

नरकचतुर्दशीची पहाट मराठी घरात सहसा चुकत नाही. मग ते घर पुण्यास असो, बडोद्यास असो, इंदुरास असो की हैदराबादेस. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मंडळींच्या बोलण्यात शेजारच्या भाषेचे पाणी मिसळले, स्वयंपाकात शेजारची फोडणी शिरली. परंतु त्या पहाटेचे तेल आणि उटणे यांना कोणी धक्का लावला नाही. फरक पडला तो एवढाच, की आमच्या आज्या कचोरा, नागरमोथा, वाळा, आंबेहळद असे जिन्नस पारखून आणीत आणि घरच्या खलबत्त्यात कुटीत. आता उटण्याची बंद पुडी येते. या पुडीवर हल्ली ‘संपूर्ण नैसर्गिक’ आणि ‘रसायनविरहित’ असे दोन शब्द ठळक अक्षरांत छापलेले आढळतात. ते वाचून ग्राहकाचे मन निश्चिंत होते. इतिहासाच्या अभ्यासकाचे मात्र होऊ नये, असे आम्हांस वाटते. कारण जे नैसर्गिक ते निर्धोक, हे समीकरण आमच्या पूर्वजांनी मांडलेले नाही.

अंगरागांचा आणि सुगंधी द्रव्यांचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात दंतधावन, अंजन, अभ्यंग, उद्वर्तन, स्नान असा दिवसाचा क्रमच लावून दिला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लोकरी कांबळी अरिष्टकाने, म्हणजे रिठ्याने, धुवावीत असे सांगितले आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने तर बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला आणि पांढरे केस काळे करण्याची कृतीही दिली. तीत कोद्रवाचे दाणे आंबट द्रवात लोखंडी भांड्यात शिजवावयाचे, लोहचूर्ण घालून बारीक वाटावयाचे आणि तो लेप डोक्यावर बांधावयाचा. आंबट आणि लोखंड एकत्र आल्यावर जे घडते त्यास आज आपण रासायनिक क्रिया म्हणतो. वराहमिहिराला तो शब्द ठाऊक नव्हता. क्रिया मात्र पुरती ठाऊक होती.

या विस्मृत विद्येकडे विद्वानांचे लक्ष वेधण्याचे मोठे श्रेय पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांना द्यावयास हवे. रिठा, साबण आणि परीट यांच्या इतिहासासारखा विषय त्यांनी क्षुद्र मानला नाही. गंगाधराचा ‘गंधसार’ हा ग्रंथ आणि त्याच्यासोबतचा अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ त्यांनीच प्रकाशात आणला. गोडे १९६१ साली निवर्तले. पुढे १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने हे दोन्ही ग्रंथ छापून प्रसिद्ध केले. मराठी वाचकाला विशेष अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे. अत्तरे, तेले आणि उटणी करणारा कारागीर मराठीतून शिकत होता, याचा हा पुरावाच होय. गंगाधराने भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा प्रक्रिया सांगितल्या आहेत. त्यांतील क्रमाकडे आणि काटेकोरपणाकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. या लोकांना नैसर्गिक आणि कृत्रिम असा भेद करण्याचे कारणच पडले नाही. त्यांचा भेद शुद्ध आणि अशुद्ध, योग्य मात्रा आणि अयोग्य मात्रा असा होता.

हा भेद किती मोलाचा होता हे पाहावयाचे असेल तर कुंकू आणि शेंदूर यांची तुलना करावी. जुन्या रीतीचे कुंकू हळदीचे. हळकुंडांवर टाकणखार आणि लिंबाचा रस यांचा संस्कार केला, म्हणजे पिवळी हळद तांबडी होते. ज्यांनी हळदीच्या डागाला साबण लावून तो डाग लालभडक झालेला पाहिला आहे, त्यांना हळदीच्या या रंगबदलाचे नवल वाटणार नाही. उलट शेंदूर शिशाचा, आणि हिंगूळ पाऱ्याचा. त्यातही हिंगूळ भूगर्भातून जसाच्या तसा निघतो. मानवी हाताचा स्पर्श होण्यापूर्वीच तो तांबडा असतो. म्हणजे ‘नैसर्गिक’ या शब्दाचा अक्षरशः अर्थ घेतला, तर हिंगूळ हा कुंकवाहून अधिक नैसर्गिक ठरतो! कुंकवास तरी माणसाची कृती लागते. डोळ्यांत घालावयाच्या सुरम्याचीही तीच कथा. शिशाचे खनिज कुटून केलेला सुरमा डोळ्यांना थंडावा देतो म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिला. आणि शिसे तर शरीरात शिरले की हाडांत साठून राहते, लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते. पाश्चात्त्यांनीही या बाबतीत आपणांस हसू नये. शिशाचा सफेता तोंडास फासण्याची चाल युरोपातील सरदारघराण्यांत शतकानुशतके होती, आणि १७६० साली ऐन तारुण्यात मरण पावलेल्या कॉव्हेंट्रीच्या काउंटेसचा बळी या सफेत्यानेच घेतला, असे तिच्या काळापासून मानले गेले.

महाराष्ट्रात शेंदूर मारुतीच्या आणि गणपतीच्या अंगी लागला आणि सुवासिनीच्या कपाळी हळदीचे कुंकू राहिले. यामागे वैद्यकीय दूरदृष्टी होती असा दावा आम्ही करीत नाही. परंतु कुंकू करणारी आणि कुंकू लावणारी एकाच गल्लीत राहत असल्यामुळे त्यात काय पडते ते गुप्त राहत नसे, एवढे निश्चित म्हणता येईल.

हा निकटपणा प्रथम मोडला तो साबणाने. साबण हा शब्द आपल्याकडे जुना आहे. गुरू नानकांच्या जपजीत तो आढळतो. परंतु घरोघरी साबण पोहोचला तो कारखान्यांतून. १७९१ साली लब्लांक या फ्रेंच रसायनज्ञाने मिठापासून सोडा करण्याची रीत शोधली आणि साबण स्वस्त होण्याचा मार्ग मोकळा झाला. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाची खोकी उतरली. आता गंमत पाहा. या परक्या वडीपुढे आमच्या लोकांनी पहिला प्रश्न कोणता विचारला? ‘यात चरबी कशाची?’ प्रश्न सोवळ्याओवळ्याचा होता, आरोग्याचा नव्हता. तरी तो प्रश्न होता, हे महत्त्वाचे. आर्देशीर गोदरेज यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात केवळ वनस्पतिजन्य तेलांचा साबण काढला, तेव्हा त्यांनी स्वदेशीच्या भावनेइतकेच या प्रश्नालाही उत्तर दिले.

‘शाम्पू’ या शब्दाची यात्रा याहूनही उद्‌बोधक आहे. हिंदुस्थानीतील ‘चांपणे’, म्हणजे अंग रगडणे, यातून तो निघाला. पाटण्यास १७५९ साली जन्मलेल्या दीन महंमद या गृहस्थाने १८१४च्या सुमारास इंग्लंडातील ब्रायटन येथे स्नानगृह थाटले, आणि वाफारा व मर्दन यांच्या जोरावर तो चौथ्या जॉर्ज राजाचा ‘शाम्पूइंग सर्जन’ झाला. पुढे शब्दाचा अर्थ केस धुण्यापुरता आकुंचित झाला. १९३४ साली अमेरिकेत संश्लेषित फेनकाचा ‘ड्रीन’ नावाचा शाम्पू निघाला, आणि मग तो शब्द बाटलीत बसून स्वदेशी परतला. शिकेकाईची जागा त्याने घेतली. शिकेकाई डोळ्यांत गेली की आम्ही रडत होतो, तेव्हा शिकेकाई सौम्यच होती असे स्मरणरंजनाच्या भरात कोणी म्हणू नये. परंतु ती काय आहे हे आम्हांस ठाऊक होते. झाडाची शेंग आम्ही पाहिलेली होती.

घरातील पारख सुटली आणि तिची जागा घेणारे दुसरे काही तत्काळ उभे राहिले नाही. या मधल्या काळातच अनर्थ घडले. १९३३ साली अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाच्या पापण्यांच्या रंगाने स्त्रियांचे डोळे गेले, एकीचा प्राणही गेला. त्यातील दाहक द्रव्याचे नाव पॅराफेनिलिनडायअमिन. प्रसाधने तपासण्याचा अधिकार तेथील सरकारला १९३८च्या कायद्याने मिळाला. आपल्याकडे १९४०चा औषधांचा कायदा होता. प्रसाधने त्याच्या कक्षेत आणली गेली १९६२च्या दुरुस्तीने. शिसे आणि सोमल यांची संयुगे रंगासाठी प्रसाधनांत वापरण्यास आज बंदी आहे, आणि २०२० साली प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियमही झाले.

तरीही कायद्याची दृष्टी सर्वत्र पोहोचत नाही. मेणावर कुंकू लावण्याची रीत मागे पडून चिकट टिकली आली. आणि काही टिकल्यांच्या डिंकातील पॅराटर्शरीब्युटिलफेनॉल या द्रव्यामुळे कपाळाचा रंग जाऊन पांढरे डाग पडतात, हे आपल्याच देशातील त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवून दिले. ज्या समाजात पांढरा डाग दिसताच ‘कोड’ म्हणून मुलीचे लग्न अडते, तेथे हा डाग केवळ कातडीवर पडत नाही. याहून क्रूर उपहास ‘काळ्या मेंदी’चा. मेंदीचा रंग तांबूस. तो काळाभोर दिसावा म्हणून तीत पुष्कळदा तेच पॅराफेनिलिनडायअमिन मिसळतात, ज्याने १९३३ साली डोळे घालविले. द्रव्य तेच, नाव मात्र पाल्याचे.

तेव्हा ‘नैसर्गिक’ या शब्दाची किंमत किती करावी? आमच्या मते हा शब्द आमच्या आज्यांच्या स्मृतीवर उसना घेतलेला आहे. त्यांच्या उटण्यावर आमचा विश्वास होता, आणि तोच विश्वास पुडीवरील अक्षरे आमच्याकडून मागतात. परंतु तो विश्वास वनस्पतीवर नव्हता. कचोरा हुंगून जुना आहे की ताजा हे सांगणारे नाक, हळकुंड मोडून आतला रंग पाहणारे बोट, तान्ह्या मुलाच्या अंगास लावण्यापूर्वी स्वतःच्या मनगटावर चोळून पाहणारी सावधगिरी, यांवर तो विश्वास होता. निर्धोकपणा हा निसर्गाचा गुण नव्हे. तो पारखीचा गुण आहे. ती पारख ज्या स्त्रियांपाशी होती त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. ‘गंधवादा’च्या लेखकाचेही नाव उरले नाही, पण त्याचा ग्रंथ तरी उरला.

खलबत्त्याकडे परत जा, असा उपदेश आम्ही करणार नाही. सर्वांना ते शक्यही नाही. परंतु घटकांची यादी वेष्टनावर छापणे आज बंधनकारक आहे, आणि ती पुडीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत असते. येत्या नरकचतुर्दशीस पुडी फोडण्यापूर्वी ती उलटून वाचावी. सनलाइटच्या वडीपुढे आमच्या पूर्वजांनी जो प्रश्न विचारला, तोच आपणही विचारावा: ‘यात काय आहे?’ त्यांनी तो धर्माच्या भयाने विचारला. आपण तो ज्ञानाच्या बळावर विचारू शकतो, आणि न विचारण्यास आपल्यापाशी आता कोणतीही सबब उरलेली नाही.